एका मशीनवर पाच चुली

२ मार्च, सोमवार
एकच सर्व्हर पाच वेबसाइट सांभाळू शकत असेल, तर त्याच मशीनवर पाच सर्व्हर कशाला चालवायचे? आज संचालकबाईंनी मला हे विचारलं. उत्तर आलं नाही. घरी येऊन विचार केला, तरी येत नाही. पण उत्तर येत नाही म्हणून पाच सर्व्हरचा माझा विचार चुकीचा ठरत नाही.
संस्थेचे विभाग पाच: दवाखाना, वाचनालय, पाळणाघर, शिवणवर्ग, व्यायामशाळा. मशीन एक, जिन्याखालच्या खोलीत. आजवर सगळे एकाच सर्व्हरवर. एकाने घोळ घातला की पाचही आडवे. हा अन्याय आहे. यापुढे प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा, फाइल वेगळी, चूल वेगळी.
बाई म्हणाल्या, कर, पण तुझी सहा महिन्यांची मुदत एकतीसला संपते एवढं ध्यानात ठेव. ध्यानात आहे. बाबांनी तर मी पर्मनंट झाल्याचं गल्लीभर सांगूनही टाकलंय. घरातली पहिली पदवी, त्यांना धीर कसा निघणार?

४ मार्च
सेटिंगची एक फाइल मन लावून लिहिली. चार वेळा कॉपी केली. पाचही सर्व्हर चालू! देखभालीला येणारे काका म्हणाले, पोरी, कॉपी केलेल्या फाइली नीट वाचल्यास ना? म्हटलं, वाचल्या. (पहिली वाचली. बाकीच्या तशाच तर आहेत.)

५ मार्च
किरकोळ अडचण. मशीनला दारं पुष्कळ, पण लोक नुसता पत्ता टाकून येतात ते पुढचं दार एकच, आणि ते एकाच सर्व्हरला मिळतं. इतरांकडे जायला पत्त्यापुढे चार आकडे टाइप करावे लागतात. काका म्हणाले, दाराशी एकाला बसव, तो सगळ्यांना आपापल्या जागी पाठवील. म्हणजे पुन्हा एक मोठा आणि चौघं त्याच्या हाताखाली! साफ नकार दिला.

६ मार्च
तोडगा सापडला. पाळी! सोमवारी पुढचं दार दवाखान्याला, मंगळवारी वाचनालयाला, बुधवारी पाळणाघराला, गुरुवारी शिवणवर्गाला, शुक्रवारी व्यायामशाळेला. रोज सकाळी मशीन रीस्टार्ट करायचं, पाळी बदलायची. आई म्हणाली, मी आणि तुझी काकू स्वयंपाकघरात अशीच पाळी लावायचो, चार दिवस टिकली. आईला तांत्रिक बाजू कळत नाही.

१० मार्च, मंगळवार
दवाखान्याच्या साइटवर नंबर लावायला आलेल्या सात जणांनी वाचनालयात पुस्तकं राखून ठेवली. ग्रंथपाल खूश. दोन वर्षांत एवढी मागणी नव्हती म्हणे. डॉक्टरीणबाई नाखूश. एक आजोबा कंबर धरून, पुस्तक नको, गोळी द्या, म्हणत उभे होते. लोकांना सवय नाही, एवढंच.

११ मार्च, बुधवार
व्यायामशाळेचे उस्ताद वर्गणी भरायला आले आणि पाळणाघरात दाखल झाले. वय छप्पन्न. दुपारची झोप: हो. तावातावाने खाली आले. मी शांतपणे म्हटलं, फॉर्मवर मोठ्या अक्षरांत पाळणाघर लिहिलंय. म्हणाले, चष्मा घरी राहिला होता. म्हणजे दोष चष्म्याचा. नोंद केली.

१९ मार्च
उद्या दहा वाजता बाळांच्या लसीकरणाची नोंदणी. बाईंचा हुकूम: उद्या पुढचं दार दवाखान्याला. मी म्हटलं, शुक्रवार व्यायामशाळेचा आहे. बाईंनी कॅलेंडरवरच्या एकतीस तारखेवर बोट ठेवलं. अपवाद मान्य केला. रजिस्टरमध्ये ‘दबावाखाली’ असं लिहिलं.

२० मार्च, दुपारी १
दहा वाजून दहा मिनिटांनी मशीन धापा टाकायला लागलं. भार हलका व्हावा म्हणून व्यायामशाळेचा सर्व्हर बंद केला. दवाखाना पडला. दवाखाना उठवला, व्यायामशाळा पुन्हा बंद केली. दवाखाना पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही तेच. योगायोग असावा.
तोवर जिन्यात आया आणि बाळांची रांग. रांगेत आमची वहिनीही. म्हणाली, वन्सं, तुमचं मशीन आणि तुमचा भाचा, दोघांनी सकाळपासून एकच सूर धरलाय.

२० मार्च, संध्याकाळी ५
योगायोग नव्हता. प्रत्येक सर्व्हर चालू होताना आपला क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ठेवतो. बंद करताना मशीन ती चिठ्ठी वाचतं. माझ्या पाचही फाइलींत चिठ्ठी एकच. शेवटी उठलेल्या दवाखान्याचा क्रमांक तिच्यावर, त्यामुळे बंद कुणालाही करा, पडणार तोच. काकांनी दोन मिनिटांत दाखवलं.
एकशे चाळीस बाळांची नोंद डॉक्टरीणबाईंनी वहीत केली. हाताने. माझ्याकडे न बघता.

२३ मार्च, सोमवार
बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, अहवालात मशीन जुनं झालंय असं लिहू का? मी म्हटलं, नको. मशीनने सांगितलं तेच केलं. फाइल माझी, न वाचता कॉपी केलेली. बाईंनी तसंच लिहून घेतलं. मग मुदत तीन महिने वाढवली. मी याला मुदतवाढ म्हणत नाही, विश्वास म्हणते. बाबा म्हणाले, पर्मनंट झालीसच की, फक्त उशिरा.

२४ मार्च
आज पाचही साइट एकाच सर्व्हरवर परत आणल्या. आलेल्याने कुठलं नाव विचारलं ते बघून तो त्याला बरोबर जागी पोचवतो. कामाला वीस मिनिटं लागली. काका शेजारी बसून होते आणि एक अक्षर बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांना माफ करणार नाही.
ते गेल्यावर त्याच मशीनवर आणखी एक सर्व्हर चालू केला: वेगळी फाइल, वेगळी चिठ्ठी, वेगळी चूल. त्यावर एकही पान नाही. तिथे कुणी येणार नाही. कुणाला विचारलेलं नाही, सांगितलेलंही नाही. चालू आहे.