खातं शाळेच्या नावाने

हडपसर, पुणे
२४ जून २०१२

चि. सोनालीस,
आत्याचा सप्रेम जयभीम आणि भरभरून आशीर्वाद.

तू हैदराबादला पोचलीस, कंपनीने खोली दिली आणि आठवड्यातच भाताला कंटाळलीस, एवढं तुझ्या बापाकडून कळलं. आत्या फोन का घेत नाही म्हणून तू रागावली आहेस, असंही सुखदेव म्हणाला. रागाव, पण कारण ऐक. वर्षभर घसा बसलाय म्हणून मी हळदीच्या दुधावर काढलं. तो बसलेला नव्हता. स्वरयंत्रात गाठ आहे आणि ती वाईट आहे. ऑगस्टमध्ये स्वरयंत्रच काढणार. जीव वाचेल, आवाज जाईल. डॉक्टरांनी हे दाढ काढायची असावी इतक्या सहज सांगितलं. तोवर कमी बोला म्हणाले, म्हणून उरलेला आवाज मी वर्गासाठी राखून ठेवला आहे. तुझ्या वाट्याला शाई.

जयंतीच्या सभेत माईक बंद पडला की लोक माझ्याकडे बघायचे, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. आमचे मुख्याध्यापक रंगराव म्हणाले, की बाई, आता तरी शाळेत शांतता नांदेल. मग स्वतःच डोळे पुसायला कपाटामागे गेले.

मला सभा नको. मला माझी पहिली हवी आहे. मगरपट्ट्यापासून खराडीपर्यंत ज्या काचेच्या इमारती उठल्या, त्यांच्या विटा वाहणाऱ्यांची पोरं माझ्यापुढे बसतात. त्यांच्या घरी पुस्तक नाही, आणि अक्षर त्यांच्याकडे पहिल्यांदा येतं ते कानावाटे. मुकी बाई पहिलीला चालत नाही, तिला कार्यालयात बसवतात. मला तिथे बसायचं नाही.

तू गेल्या दिवाळीआधी दर शनिवारी आम्हा शिक्षकांना इंटरनेटवरच्या फुकट गोष्टी शिकवल्यास. त्यात एक अशी होती, की चित्र लावायचं, त्याला आपला आवाज जोडायचा आणि चित्रावर टिचकी मारली की तो ऐकू येतो. तेव्हा शर्मिलाबाई माऊसला विंचू असल्यासारखं दोन बोटांनी धरत होत्या आणि मी हसत होते. आता विचारते, त्या जागेत माझी अख्खी पहिली मावेल का?

उत्तर लवकर धाड. तुझ्या मायेची नेहमीच भुकेली,
ललिता आत्या

हैदराबाद
१ जुलै २०१२

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. रडले. मग वाटलं की तू पाहिलं असतंस तर आधी अश्रू पुसायला लावले असतेस आणि मग भाषण दिलं असतंस.

मावेल, आत्या. सगळी पहिली मावेल. पाठ छोटे कर, मुलांचं लक्ष तेवढंच टिकतं (हे तूच मला शिकवलंस). खोली बंद ठेव, पंखा बंद ठेव. शर्मिलाबाईंना मी पायऱ्या लिहून पाठवते, त्या आता माऊसला घाबरत नाहीत असं ऐकलं. एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्या.

सगळ्यात आधी अकाउंट उघडावं लागेल. ते तुझ्या नावाने मी इथूनच उघडते, म्हणजे काही अडलं तर मला बघता येईल. हो म्हण, की लगेच करते.

ऑपरेशनला मला सुट्टी मिळत नाहीये. मॅनेजरला सांगितलं की आत्या आहे, तर त्याने विचारलं की आईवडील ठीक आहेत ना. त्याला काय सांगू की मी बोलायला तुझ्याकडून शिकले.

तुझ्या रागावण्याचीही वाट बघणारी,
सोनाली

हडपसर, पुणे
५ ऑगस्ट २०१२

चि. सोनालीस,
सप्रेम जयभीम, अनेक आशीर्वाद.

झालं. अक्षरं, अंक, कविता, गोष्टी, सगळं आत गेलं. खिचडीच्या तांदळाची कोठी ही आमची ध्वनिमुद्रणाची खोली. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, हा शोध शर्मिलाबाईंचा. शिपाई कोंडीराम दाराबाहेर पहारा देत होता आणि चिमण्या हाकलताना चिमण्यांपेक्षा जास्त ओरडत होता. दुसरीच्या आणि तिसरीच्या बाईही येऊन आपापले पाठ भरून गेल्या. ज्या तुझ्या शनिवारी मागे बसून मटार सोलायच्या, त्याच!

शेवटी हजेरी भरली. प्रत्येक मुलाचं नाव मी वेगळं घेतलं, जसं रोज घेते तसं, कुणाचं लाडात, कुणाचं दटावून. कविता इतरांच्या आवाजातही मिळतील. नावं माझ्याच आवाजात हवीत.

आता तुझ्या दोन सूचना मोडल्या ते सांगते. पेन ड्राइव्हवर शाळेत बंदी आहे. मार्चमध्ये कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि निकालपत्रकं गेली, तेव्हापासून रंगरावांनी फतवा काढला आहे. आणि खातं माझ्या नावाने उघडलेलं नाही. शाळेच्या नावाने, मुख्याध्यापकांच्या ईमेलवर उघडलं. तसा शाळेचा रिवाजच आहे, सगळा पत्रव्यवहार मुख्याध्यापकांच्या नावे. पण रिवाज नसता तरी मी तेच केलं असतं. सार्वजनिक काम स्वतःच्या नावावर करणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडले. विहीर गावाची असते, शाळा समाजाची असते, तिथे माझं नाव कशाला? माणसं जातात, संस्था राहतात. यावर वाद नको.

परवा दवाखान्यात दाखल होते. पोत्यांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. वाटलं, उधळपट्टी कशाला.

तुझ्यावरची माया आवाजावर अवलंबून नाही हे ध्यानात ठेव.
ललिता आत्या

हडपसर, पुणे
९ डिसेंबर २०१२

चि. सोनालीस,
सप्रेम जयभीम, अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर शाळेत रुजू झाले. गळ्यावर भोक आहे, त्यावर रुमाल बांधते. पहिल्या दिवशी पोरं भिंतीला चिकटून बसली होती. मी फळ्यावर चित्र काढलं आणि संगणकातल्या तशाच चित्रावर टिचकी मारली. माझाच आवाज संगणकातून आला आणि मुलांनी एकदम माझ्या तोंडाकडे पाहिलं. एक पोरगी उठून संगणकाच्या मागे जाऊन आली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की बाई आत नाहीत, बाई इथंच हाय.

हजेरीला मात्र कुणी शंका काढली नाही. नाव आलं की हात वर, हजर. मी आता आवाजाबरोबर ओठ हलवते. कधीकधी खरंच वाटतं की बोलतेय. केंद्रप्रमुख पाहून गेले. वर्षअखेरीपर्यंत पहिली माझ्याकडेच ठेवावी, असा शेरा देऊन गेले. पुढच्या वर्षाचं पुढे.

रंगराव नोव्हेंबरअखेर निवृत्त होऊन सासवडकडे गावी गेले. निरोप समारंभात मी भाषण केलं नाही, असं शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा झालं. नवीन मुख्याध्यापक तरुण आहेत, स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतात.

तू संक्रांतीला ये. तिळगूळ खा, बोलायची अट नाही.
आत्या

हडपसर, पुणे
१७ फेब्रुवारी २०१३

चि. सोनालीस,
जयभीम.

साइट उघडत नाही. गुरुवारी सकाळी हजेरीला टिचकी मारली आणि पांढरं पान आलं, त्यावर चार ओळी इंग्रजी. शर्मिलाबाईंनी वाचलं. कंपनीने ही फुकट सेवा बंद केली आहे आणि खातेदारांना आपापलं साहित्य उतरवून घ्यायला वेळोवेळी कळवलं होतं, असं त्यात म्हटलं आहे.

कुणाला कळवलं? रंगरावांच्या ईमेलवर. नवीन साहेबांनी आल्याबरोबर नवा ईमेल काढला, जुना कुणी उघडलाच नाही. कोंडीराम एसटीने सासवडला जाऊन रंगरावांना भेटून आला. त्यांना पासवर्ड आठवेना. ते म्हणाले, की शाळेचं टपाल म्हणजे कोंडीराम टेबलावर आणून ठेवायचा ते. ईमेलच्या पेटीतही टपाल येतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे. म्हातारा त्याच्याजवळ रडला.

मुलं अजून हात वर करायच्या तयारीत बसतात. तू संगणकातली आहेस. ते परत येतं का, एवढं कळव.
ललिता आत्या

हैदराबाद
२५ फेब्रुवारी २०१३

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

नाही येत, आत्या. तुझं पत्र आल्या दिवशीच कंपनीला लिहिलं, दोनदा लिहिलं, ओळखीच्यांकडून विचारलं. त्यांनी सगळं पुसून टाकलं आहे. उत्तर फार नम्र होतं. इतक्या नम्रपणे कुणी मला इतका राग आणला नव्हता.

मग मी बाबांना, शेजाऱ्यांना, जयंतीच्या कार्यकर्त्यांना फोन केले. तुझं एखादं भाषण कुणाच्या मोबाइलमध्ये असेल म्हणून. कुणाकडे नाही. तू काढू द्यायची नाहीस. फोन खाली ठेवा आणि ऐका म्हणून दरडावायचीस.

ते खातं तुझ्या नावाने हवं होतं. वाद नको म्हणालीस तरी मी वाद घालायला हवा होता. आता तुझ्याशी भांडायचं म्हणजे एकटीनेच बोलायचं, आणि ते मला जमत नाही.

मार्चमध्ये येते, सुट्टी दिली नाही तरी.
तुझीच,
सोनाली

हडपसर, पुणे
१० मार्च २०१३

चि. सोनालीस,
सप्रेम जयभीम, अनेक आशीर्वाद.

स्वतःला दोष देऊ नकोस. खातं शाळेच्याच नावाने हवं होतं, हे मी आजही म्हणते. चूक नावात नव्हती. आम्ही संस्था संस्था म्हणत राहिलो आणि तिचं टपाल वाचायचं काम एका म्हाताऱ्या माणसावर टाकून मोकळे झालो. माझ्या तत्त्वाला राखणदार नव्हता. आता शाळेने दुसऱ्या साइटवर नवं खातं उघडलं आहे, शाळेच्याच नावाने. त्याचं टपाल सगळ्या शिक्षकांकडे जातं, आणि दर महिन्याला प्रत निघते. पेन ड्राइव्हवरची बंदी नव्या साहेबांनी उठवली. दुसरीच्या आणि तिसरीच्या बाईंनी आपले पाठ पुन्हा भरले. मी कोठीच्या दाराबाहेर बसले होते.

पहिली मी सोडली. अर्ज मीच दिला. वर्ग शर्मिलाबाईंकडे गेला. पहिले काही दिवस त्यांनी नाव घेतलं की पोरं संगणकाकडे बघून हजर म्हणायची. मी खिडकीतून पाहायचे. परवा पाहिलं तर सगळी शर्मिलाबाईंकडे बघत होती. विसरली. सहा वर्षांची पोरं, त्यांनी विसरायलाच हवं, नाहीतर पुढचं शिकणार कशी? हे मी कुठल्याही व्यासपीठावर ठणकावून सांगितलं असतं. घरी येऊन मात्र जेवले नाही.

आता मी कार्यालयात बसते. शनिवारी आसपासच्या शाळांचे शिक्षक येतात, त्यांना तुझी फुकट साधनं शिकवते, फळ्यावर लिहून. खातं उघडण्याआधी मी त्यांना एकच प्रश्न लिहिते, की सूचना कुणाला येणार आणि ती कोण वाचणार. त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नाही.

तू येण्याआधी एक मागणं आहे. गेले काही दिवस मी आठवायचा प्रयत्न करते, पण माझाच आवाज मला मनात ऐकू येत नाही. शब्द येतात, नुसतेच येतात. तुला तो आठवत असेल, तर हे पत्र त्या आवाजात वाच. माझ्यासमोर नको. तिकडेच, एकदा.

ये, पोरी. दार उघडंच आहे.
तुझी,
ललिता आत्या