चर्चजवळच्या पायऱ्यांचा कठडा

१ ऑक्टोबर २००७, सोमवार
ऑफिस. संध्याकाळी भात आणि कालचंच वरण. बसस्टॉपवर शहराची नोटीस लागली आहे. चर्चजवळच्या जुन्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवणार. आमची ही जर्मनीतली वस्ती ऐतिहासिक, म्हणून साधा पाइप चालत नाही म्हणे. लोहाराकडून हातानं घडवून घेणार! टॅक्स कुणाचा? माझा. आणि त्या पायऱ्या चढतं कोण? बस आहे की. सुनेत्राला शेवटपर्यंत मीच बसचा पास काढून देत होतो. तिची कधी तक्रार नव्हती.
विरोध करायचा. शांतपणे.

५ ऑक्टोबर, शुक्रवार
आमच्या दारासमोरचा फुटपाथ फेब्रुवारीपासून फुटलेला आहे. सुनेत्रा गेली त्या आठवड्यापासून. त्याला पैसे नाहीत, कारण तो ऐतिहासिक नाही! मी अजिबात चिडलेलो नाही.
जिन्यात खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले भेटल्या. कठड्याच्या सभेला येणार म्हणालो. त्यांनी माझा हात धरला. "हो, हो, नक्की या. तुमच्या बायकोला बरं वाटलं असतं."
पहिला पाठिंबा.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार
ड्रेस्डेनहून ईप्सिताचा फोन. तिनं जर्मनमध्ये विचारलं, त्या कठड्यानं तुझं काय बिघडवलंय? मी मराठीत सांगितलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, "आल्झो, हे बघ बाबा, आई गेल्यापासून तुझे सगळे प्रश्न तत्त्वाचेच आहेत. मागच्या आठवड्यात टोस्टरशी होता."
टोस्टर खरोखरच नीट चालत नाही.

२० ऑक्टोबर, शनिवार
भाषण तयार. दहा मिनिटं, जर्मनमध्ये. आरशासमोर म्हणून पाहिलं. पाच मिनिटांचं केलं. मग दोन. खरं बोलायला वेळ लागत नाही.
वस्ती माझ्या बाजूनं आहे. सकाळी बसमध्ये खिडकीतून नोटिशीकडे बोट दाखवून मान हलवली. कुणी विरोध केला नाही. कुणी काहीच बोललं नाही.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार, सभेहून परत
भाषण झालं. "गूटन आबेंड." म्हणजे शुभ संध्याकाळ. पुढचं बोललो नाही, पण चेहऱ्यावरून पोचलं असावं.
अध्यक्षांनी विचारलं, विरोधात कोण? मी हात वर केला. एकटाच. बाकीचे विचार करत असावेत.
तेवढ्यात फ्राऊ हेबर्ले मागे वळल्या. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "हेर दामले, हात खाली घ्या. हा कठडा तुमच्या बायकोनंच मागितलाय. दारोदार फिरली ती त्यासाठी. बेकरीला ती त्याच वाटेनं जायची, आणि शेवटी शेवटी फार दम लागायचा तिला."
मी म्हणालो, तिच्याकडे पास होता.
"बसमध्ये कुणी बोलत नाही म्हणायची. पायऱ्यांवर टेकलं की कुणी ना कुणी बोलायला थांबतं."
मला का नाही सांगितलं?
"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी लिफ्टवालं घर शोधायला लागला असता, म्हणायची."
लोक हसले. चांगल्या अर्थानं हसले बहुतेक.
दरम्यान अध्यक्षांनी पुढचं विचारलं होतं, बाजूनं कोण? माझा हात वरच होता. त्यांनी तो मोजला. एकमतानं मंजूर.
खांदा आखडला होता म्हणून खाली घेता आला नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार
दुपारी पायऱ्यांनी वर बेकरीपर्यंत गेलो. केवळ पाहणीसाठी. मंजूर झालं तरी खर्चावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. पायऱ्या भलत्याच उंच बांधल्या आहेत. इतकी वर्षं शहर झोपलं होतं का? मध्ये दोनदा टेकलो. बराच वेळ बसलो. कुणी आलं नाही.
बेकरी बंद. रविवारी दुपारी ती बंद असते. मला ठाऊक नव्हतं.
उतरताना धरायला काही नाही. भिंतीला हात लावत लावत उतरलो. भिंत ओली होती, शेवाळलेली. घरी येऊन हात धुतले.