मामांचा खोल सात

३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

इकडे मी मजेत, तिकडे तुम्ही मिशीसकट मजेत असालच. बातमी अशी की तुम्ही तरुणपणी वेल्डिंग केलेल्या गॅसलाइनचे तुकडे आमच्या लॅबमध्ये आलेत. आता त्याच लाइनमधून हायड्रोजन सोडायचा बेत आहे. त्याआधी जुनं पोलाद किती थकलंय ते बघायला तुकडे मशीनला लावून ओढून तोडायचे. तोडायचं काम माझं. आई म्हणते, पोराला अखेर अंगच्या गुणाचं काम मिळालं.

एका तुकड्यावर जॉइंटशेजारी ७ ठोकलाय. प्रत्येक वेल्डर हातोडी-पंचाने आपला नंबर ठोकायचा आणि सात तुमचा, हे लहानपणापासून जेवताना ऐकतोय. लॅबभर सांगून टाकलंय, मामांच्या जॉइंटला हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही.

पण हायड्रोजन भारी आगाऊ. इतका बारीक की थेट पोलादाच्या अंगात शिरतो. साध्या हवेत ओढलं की पोलाद च्युइंगमसारखं लांबतं, मग तुटतं. हा आत शिरला की खडूसारखं कटकन. आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, हा जॉइंट टिकला नाही तर तुमच्या नंबरचे सगळे जॉइंट उकरून फेकावे लागतील. मामीला सांगा, बीपीच्या गोळ्या हाताशी ठेव.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त कान धरायची सवय सोडा.
तुमचा, तोडफोड खात्यातला भाचा

९ मार्च

चि. उपद्व्यापास,
अ. उ. आ.

पत्र वाचून गोळी घेतली नाही, चहा घेतला. माझा जॉइंट तुटायचा नाही, तुमचं मशीन तुटेल. हे मी न्हाव्याच्या दुकानात चारचौघांत सांगून आलोय. जॉइंट तुटला तर तिथेच खुर्चीत बसून मिशी उतरवीन, असंही तोंडातून गेलं. न्हावी तेव्हापासून वस्ताऱ्याला धार लावतोय. तुझी मामी म्हणते, होऊन जाऊ दे, एकदा खालचं तोंड बघायचंय.

तेव्हा थट्टा पुरे. काय होईल ते खरं कळव.
तुझ्यावर लोभ आहे, भरवसा नाही.
मामा

१८ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या पार्सलमधला दाढीचा ब्रश आधी उघडला असणार आणि मटकन खाली बसला असाल. उठा. जॉइंट टिकला.

तुटलं ते शेजारी. भेग निघाली थेट तुमच्या सातच्या टोकातून. मॅडमनी भिंगाखाली बघितलं. बाकीच्यांचे नंबर ओरखड्यासारखे, तुमचा सात म्हणजे विहीर. इतकी वर्षं दाब सोसून पोलाद आधीच कंटाळलेलं, त्यात अशी खोच मिळाली की हायड्रोजन नेमका तिथेच गर्दी करतो. म्हणजे काम पक्कं, सही घातकी.

आता खरी गोष्ट. मॅडम विचारतात, तुमचे सगळेच सात असे खोल आहेत का? असतील तर तुमची अख्खी लाइन बाद. थोडेच असतील तर तेवढेच कापून काढता येतील. त्या दिवशी कोणावर चिडला होतात ते आठवून लिहा.

मिशीला माझा नमस्कार.
भाचा

२४ मार्च

चि. उपद्व्यापास,
अ. उ. आ.

चिडलो नव्हतो. माझा हात हलकाच. नंबर दिसत नाही म्हणून मुकादम रोज कुरकुरायचा. जोरात ठोकले ते एकाच दिवशी. सकाळी कामावर निरोप आला की बहीण सुखरूप आहे, मुलगा झालाय. मग दिवसभर प्रत्येक सात असा हाणला की संध्याकाळी हातोडीचा दांडा चिरला. पंपघरापासून कालव्याच्या पुलापर्यंतचे जॉइंट त्या दिवसाचे. बाकी बिनधोक आहेत. मॅडमना तेवढंच उकरायला सांग. तारीख विचारली तर तुझा वाढदिवस सांग.

म्हणजे डोळे उघडायच्या आधीच तू पाइपलाइन फोडायला घेतली होतीस. हे न्हाव्याच्या दुकानात सांगितलं. सगळ्यांना पटलं. मिशी शाबूत आहे, मामी नाराज आहे.

ब्रश परत पाठवतोय, सोबत फावडं. कालव्याकडची माती कडक आहे, खणायला तूच जा.

लोभ तेव्हा ठोकला तेवढाच खोल आहे.
मामा