मशीन धड होईपर्यंत

४ ऑक्टोबर

पुन्हा बंद! मासे उतरले, बोट धुऊन झाली, आणि शीतकप्प्याचा कॉम्प्रेसर रुसला. समुद्रात असतो तेव्हा निमूट चालतो. धक्क्याला लागलो की ह्याचे नखरे सुरू.

पक्कड इंजिनखोलीत शिरली ती दुपारपर्यंत बाहेर नाही. रांगत होती तेव्हापासून माझ्या पेटीतली पक्कड पळवायची, म्हणून नाव तेच पडलं. आता माझी ही लेक भल्याभल्या फिटरना ऐकत नाही. बाहेर आली तेव्हा नाकाच्या शेंड्यापर्यंत काळी. म्हणाली, "होईल रे बाबा. वेळ लागेल."

तिच्या आईने बघितलं असतं तर आधी ओरडली असती आणि मग फोटो काढला असता.

६ ऑक्टोबर

चालू झाला. पण आज दुसरंच निघालं. मोठ्या जहाजांच्या कंपनीने तिला बोलावलंय! शीतगृहाची मशिनं सांभाळायची, दोन वर्षांचा करार. महिनाअखेरीला हजर व्हायचं.

"जा की!" मी म्हटलं. आवाज बरा निघाला.

"हे मशीन धड होईपर्यंत मी कुठे जात नाही. मी तिकडे आणि इकडे तुझे मासे सडले तर?"

झालं. घोडं तिथेच अडलं.

९ ऑक्टोबर

बंद.

१० ऑक्टोबर

बाजारातल्या फिटरला बोलावून घेतलं. एका माणसाचं ऐकून चालत नाही, ते माणूस घरचं असलं तरी. त्याने वरवर बघितलं. "काका, जुना आहे. सारखी डागडुजी करत राहिलात तर ओढेल आणखी काही वर्षं. नवं बसवायचं तर कप्प्याची एक भिंत कापावी लागेल. तुमचं तुम्ही ठरवा."

पक्कड एकदम तावातावाने — नवी मशिनं खाऱ्या हवेत टिकत नाहीत, त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, भिंत एकदा कापली की पुन्हा पहिल्यासारखी होत नाही! फिटर हसायला लागला. "ताई, तुम्ही बोटीवर असताना काकांना नवं घ्यायची गरजच काय?"

हसण्यावारी गेलं. पण मला ते लागलं. दुरुस्त करत राहिलो तर पोरगी इथे राहते. नवं आणलं तर जाते. इतकं सरळ आहे. आणि मला दुरुस्तच करायचं आहे! माझा जीव सांगतोय, ठेव तो डबा, दर आठवड्याला बिघडू दे. कुठल्या तोंडाने कुणाला सांगू हे? इथे लिहितो आणि गप्प बसतो.

१३ ऑक्टोबर

ताईचा फोन. माझी बहीण एरवी हवापाण्यापासून सुरुवात करते, आज थेट मुद्द्यावर. "अरे, तिची आई गेल्यापासून ती पोर तुझं जेवण बघते, तुझी बोट बघते, तुझं मशीन बघते. तिचं तिने कधी बघायचं? तोंडाने जा म्हणतोस आणि मोडकं मशीन तिच्या पायात घालून ठेवतोस. असं कुणी जातं का?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. फोन ठेवून टाकला. दिवसभर जाळी विणत बसलो, आणि ती सगळी वाकडी झाली. ताई बरोबर बोलली होती.

१५ ऑक्टोबर

आज ती काम करत असताना शेजारी बसलो. पेचकसाचं टोक कॉम्प्रेसरला टेकवते, मूठ कानाला लावते आणि डोळे मिटून ऐकते. डॉक्टर छाती तपासतो ना, तसं. मलाही ऐकवलं. मला आपली नुसती घरघर! ती म्हणाली, "आतून धडधाकट आहे रे हा. उगाच फेकू नकोस."

बिचारी. माझा खर्च वाचवायला बघते.

किती सवय झाली आहे मला हिची. शेजारी गुणगुणते ती, तेही बेसूर. उद्या ही इथे नसेल असं मनात आलं आणि डोळे भरून आले. म्हटलं, डिझेलचा धूर लागला.

१७ ऑक्टोबर

मनावर दगड ठेवला आणि नवं मशीन सांगून आलो. जेवताना बोललो. घास तसाच हातात राहिला तिच्या.

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

ताट उचलून गेली. नळ बराच वेळ वाहत होता. रागावली आहे. रागावू दे! बापाने पायातली बेडी काढली, हे आज नाही तरी पुढे कळेल.

२२ ऑक्टोबर

भिंत कापली, नवं बसलं. फिटरला ती एका शब्दाने आडवी गेली नाही. मागितलं ते हत्यार हातात देत राहिली. जुना कॉम्प्रेसर फिटर भंगारात घेतो म्हणाला. त्याने उचलण्याआधी पक्कडने तो फडक्याने नीट पुसला. मी म्हटलं, "भंगारात जाणाऱ्याला काय आंघोळ घालतेस?" हसेल असं वाटलं होतं. नाही हसली.

२५ ऑक्टोबर

ती बॅग भरते, मी बोटीला रंग काढतो. गेल्याच महिन्यात काढला होता.

२८ ऑक्टोबर

गेली.

बसथांब्यावर बॅग मी उचलून दिली. म्हणाली, "नव्या मशीनला जप." मी म्हटलं, "तू जिवाला जप." बस सुरू झाली तरी पायरीवरच उभी. "बाबा, तुला काही म्हणायचंय का?"

म्हणायचं होतं ना! जाऊ नकोस म्हणायचं होतं. पण ज्यासाठी एवढं केलं ते शेवटच्या क्षणी मातीत घालू? म्हटलं, "पोचलीस की फोन कर." तिने मान हलवली आणि आत जाऊन बसली. माझ्या बाजूच्या खिडकीत नाही बसली.

तिथून थेट बोटीवर आलो. नवं मशीन इतकं गुपचूप चालतं की हात लावून बघावं लागतं, चालू आहे का. रिकाम्या कप्प्यात उतरलो, वरचं झाकण ओढून घेतलं आणि रडलो. चांगला मोठ्याने रडलो. बाहेर आलो तेव्हा कान गारठले होते.

१ नोव्हेंबर

फेरी छान झाली. मासे अगदी ताजे राहिले, सगळे विचारत होते काय केलंत म्हणून. घरी येऊन कुणाला सांगू?

तिचा फोन आला होता. पोचली. "मशीन कसं आहे?" एवढंच विचारलं. "उत्तम!" म्हटलं मी. ती बरं म्हणाली.

४ नोव्हेंबर

बाजारात फिटर भेटला. जुना कॉम्प्रेसर भंगारात द्यायच्या आधी त्याने दुकानात लावून बघितला होता. "काका, यात काही बिघाडच नाही हो! आतलं सगळं नवंकोरं, कालपासून झकास चालतोय. एक वायर तेवढी कुणीतरी सैल करून ठेवली होती. आणि एकदाच नाही — सारखा पिळून पिळून त्या स्क्रूचं डोकं पार झिजलंय."

इंजिनखोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी उतरत नव्हतं. मी त्या स्क्रूला कधी हात लावलेला नाही.

पोरीला जायचंच नव्हतं.