जुईच्या नावापुढचा रकाना

७ फेब्रुवारी २००६, मंगळवार

श्री ऑफिसातून पाकीट घेऊन आला. शांघाय, तीन वर्षं. त्याचं स्लोटरडाइकच्या ऑफिसातलं प्रोजेक्ट जूनमध्ये संपतंय. त्यानंतर शांघाय, नाही तर पुणे. नीउ-व्हेनेप या डच गावातलं हे घर दोन्हीकडून जाणार.

जुईला सांगितलं. तिने एकच विचारलं, डचमध्ये: तिथे लोटे असेल का? लोटे शेजारची, तिच्याच वर्गातली, नऊ वर्षांची. नसेल म्हटल्यावर वर निघून गेली.

श्री म्हणाला, "पॅकेज बघ ना. घर, शाळा, डॉक्टर, सगळं देतायत."

सगळं कोणी देत नाही.

९ फेब्रु.

पाकिटातलं निळं पुस्तक वाचलं. परदेशी कुटुंबांसाठी वैद्यकीय सोयी. परदेशी दवाखाने आहेत, इंग्रजी बोलणारे डॉक्टर, विमा नसेल तर पायरी चढू नये असे. सरकारी रुग्णालयं आहेत, प्रचंड. त्यांत एक मजला फक्त परदेशी लोकांसाठी. त्या मजल्याचा फोटो आहे. खालच्या मजल्यांचा नाही. आणि फारच झालं तर विमान, हाँगकाँगला.

कर्मणी प्रयोग फार. व्यवस्था केली जाईल. रुग्णाला हलवलं जाईल. कोण हलवणार, आणि आता फारच झालं हे कोण ठरवणार, ते नाही.

हवेबद्दल एक वाक्य. काही व्यक्तींना सुरुवातीला त्रास जाणवू शकतो. खाली रेघ मारली. त्या काही व्यक्तींपैकी एक तेव्हा वरच्या खोलीत दोरीच्या उड्या मारत होती.

१२ फेब्रु., रविवार

वैदेहीकडे जेवायला, आम्स्टेलव्हेनला. ती नवऱ्याच्या नोकरीपायी दोन वर्षं शांघायला राहून आलीय. टेबलावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुला आवडेल गं. इथे काहीही होवो, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, आठवड्याने या. तिथे शिंकलीस तरी सलाईन लावतात." पुरुष हसले. श्री जरा जास्तच हसला.

स्वयंपाकघरात वेगळं बोलली. "दुभाषी बरोबर असते. डॉक्टर पाच मिनिटं बोलतो. दुभाषी आपल्याकडे वळून म्हणते, ओके. पाच मिनिटांचं एक ओके."

मग आवाज खाली आणून, "विम्याच्या फॉर्मात जुईच्या दम्याचं लिहिणार आहेस?"

"लिहायला नको?"

"लिहिलंस तर श्वासाचं सगळं वगळतील. नाही लिहिलंस आणि उद्या ॲडमिट करायची वेळ आली, तर जुनी फाइल मागवतात. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंची मागवली होती. मग काहीच दिलं नाही."

"मग करायचं काय?"

"भात झाला का बघ."

१५ फेब्रु., बुधवार

जुनी फाइल. जुईची फाइल आहे कुठे?

चार वर्षांची असताना पुण्यात दोनदा ॲडमिट होती, धाप लागून. ते कागद इथे येताना हरवले. पाचव्या वर्षी इथे आणली. पहिल्याच थंडीत छाती वाजायला लागली. हाउसआर्ट्सकडे नेलं. इथे प्रत्येकाला असा एक घरचा डॉक्टर नेमून घ्यावा लागतो. आमच्या बाई आहेत. त्यांनी तपासलं. व्हायरस आहे, आठवडाभर वाट बघा. वाट कोण बघणार. बाहेर पार्किंगमध्ये थांबलेल्या श्रीने तिथूनच अविनाशदादांना फोन लावला. श्रीचे आतेभाऊ, पुण्यात लहान मुलांचे डॉक्टर. दादा म्हणाले, फोन तिच्या छातीला लावा. लावला. त्यांनी पुण्याहून ऐकलं.

तेव्हापासून हीच पद्धत. फोन छातीला. पंप पुण्याहून, जो कोणी येत असेल त्याच्या बॅगेत, पापडांच्या मध्ये दाबून. तपकिरी रोज दोनदा, निळा धाप लागली तर. इथल्या बहुतेक मराठी घरांत असा एक दादा आहे. एकमेकांना सांगतो आपण, आमचं काही अडत नाही म्हणून.

फाइल कुठेच नाही.

१७ फेब्रु.

विम्याचा फॉर्म श्रीच्या बॅगेत सापडला. सापडला म्हणजे मी शोधला. भरलेला. श्रीचं सुवाच्य अक्षर. जुईच्या नावापुढे: गेल्या पाच वर्षांत श्वसनाचा विकार, नाही. उपचार, नाही. औषधं, नाही. खाली त्याची सही. माझ्या सहीची जागा कोरी. १० मार्चच्या आत द्यायचा.

"मला कधी सांगणार होतास?"

"सही घेताना."

"हे खोटं आहे, श्री."

"इथे कोणी उपचार केलेत तिच्यावर? कागद दाखव एक."

कागद नाही, हे त्याला माझ्याआधी सुचलेलं दिसतं. किती आधी, ते विचारलं नाही.

१८ फेब्रु.

अविनाशदादांना फोन. म्हटलं, दादा, जुईला दमा आहे आणि चार वर्षं ही औषधं चालू आहेत, एवढं लेटरहेडवर लिहून पाठवाल का?

म्हणाले, "तू आधी श्रीशी बोल."

म्हणजे श्री आधीच बोललाय.

"दादा, दमा आहे ना तिला?"

"आपण तसं धरून चाललोय ना."

धरून चाललोय. हे आजवर कधी म्हणाले नव्हते.

२१ फेब्रु., मंगळवार

श्रीला न सांगता हाउसआर्ट्सकडे. दहा मिनिटांची वेळ. जुईला शाळेतून मधूनच आणलं. सगळं सांगितलं: पंप, बॅगा, फोन. दोन्ही पंप टेबलावर ठेवले.

"टेलिफोनवर?" बाईंनी विचारलं. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आम्ही चार वर्षांत सहा वेळा गेलो होतो. सहाही वेळा एक ओळ: काही औषधं चालू आहेत का. पुढे: नाही.

त्या सहा वेळांपैकी एकदाही श्री आत आला नव्हता. जुईला घेऊन आत मीच जात होते.

छाती तपासली. आवाज नाही. म्हणाल्या, पंप चालू असताना खाली काय आहे ते कळणार नाही. तपकिरी दोन आठवडे बंद. निळा जवळ ठेवा; धाप लागली तर तो द्या आणि लगेच मला फोन करा. मग होफ्तडॉर्पच्या हॉस्पिटलात फुंकण्याची चाचणी, ८ मार्चला. जे निघेल ते मी नोंदवीन, म्हणाल्या. मग टाइप करत बसल्या. एवढा वेळ काय टाइप करत होत्या?

२२ फेब्रु.

श्रीला सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. म्हणाला, "बरं केलंस. चाचणी स्वच्छ आली तर प्रश्नच मिटला." आणि शीळ घालत भांडी लावली. दोन वर्षांत याने शीळ घातलेली नाही.

दादांचा फोन आला. "पुस्तकी लोक आहेत ते. औषध मध्येच तोडायचं नसतं." मग, "फोन लाव बघू तिच्या छातीला."

म्हटलं, ती झोपलीय. झोपली नव्हती.

२५ फेब्रु., शनिवार

चौथा दिवस. बोचरा वारा. जुई आणि लोटे सायकलवर कालव्यापर्यंत जाऊन आल्या. मी खिडकीत. ती आत आल्यावर म्हटलं, बस इथे, बूट काढ. वाकली की श्वास ऐकू येतो.

बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, डचमध्येच, "आई, तू ऐकतेयस."

"नाही गं."

"ऐकतेयस. तू तोंड उघडं ठेवतेस ऐकताना."

२८ फेब्रु.

खोकतेय. कोरडा. धाप नाही. निळा पंप स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याशेजारी.

श्री म्हणाला, "सर्दी आहे." त्याला सर्दी हवी आहे. मला काय हवंय? दमा निघाला तर मी चार वर्षं बरोबर. नाही निघाला तर चार वर्षं त्या मुलीला मी

पुढचं लिहवत नाही.

४ मार्च, शनिवार

जुई पोळी खाता खाता म्हणाली, दोन आठवडे फार नाहीत. मी तर कधीपासून घेतच नाही.

काय घेत नाहीस?

तपकिरी. सिंटरक्लासच्या सणापासून. म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीपासून. बाथरूमचं दार लावून हवेत मारायची, दोनदा सकाळी, दोनदा संध्याकाळी. मी बाहेरून आवाज ऐकायचे आणि माझं समाधान व्हायचं. का, विचारलं. चव घाण आहे. लोटेला घ्यावा लागत नाही.

"बाबाला सांगू नकोस," मी म्हटलं. हे कळलं तर श्री आजच सही मागेल.

"बाबाला माहितीय. बाबा म्हणाला, आईला सांगू नकोस."

श्री गॅरेजमध्ये होता. हवा भरत होता सायकलीत. नाकारलं नाही.

"मला वाटलं, घेत नाही तरी बरी आहे, म्हणजे बरीच आहे. आहे ना बरी?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू समोर उभं राहून दिला असतास."

दिला असता. तेवढ्यापुरता तो खरं बोलला. पण मग फॉर्मवरचे तीन नाही त्याने माहीत असून लिहिले की आशेने? आणि डिसेंबरपासून आजपर्यंत अजून काय काय माहीत आहे त्याला?

७ मार्च

खोकला गेला. आपोआप. निळा पंप लागला नाही. हे कोणाच्या बाजूचं?

जेवताना जुईने विचारलं, मला दमा असेल तर आपण चीनला जाणार नाही, हो ना?

श्री म्हणाला, "तसं काही नाही."

मी म्हटलं, "तसं काही नाही."

एकाच वेळी, एकाच सुरात. बऱ्याच दिवसांनी एकमत.

तिने आळीपाळीने दोघांकडे बघितलं आणि वरण मागितलं.

८ मार्च, बुधवार

होफ्तडॉर्प. श्री येणार होता. सकाळी मीटिंग निघाली. फॉर्म माझ्या पर्समध्ये, माझी जागा अजून कोरी. परवा शेवटचा दिवस.

चाचणी घेणारी मुलगी तरुण, हसरी. जुईच्या नाकाला चिमटा लावला, हातात नळी दिली. समोर पडदा. पडद्यावर मेणबत्त्या, लहान मुलांसाठी. जोरात फुंकलं की विझतात. मला म्हणाली, तुम्ही इथे बसू शकता, पण मदत करायची नाही. जुईला म्हणाली, एक मोठा श्वास, आणि मग अंगात असेल नसेल ती सगळी ताकद.

जुईने श्वास घेतला. थांबली. नळी बाजूला केली आणि माझ्याकडे वळली. चिमट्यामुळे आवाज गेंगाणा. पण मराठी. हल्ली घरीही बोलत नाही इतकी स्वच्छ.

"आई, सगळ्या विझवू की थोड्या ठेवू?"

मुलीने हसून मला विचारलं, काय म्हणतेय ती?

मी म्हटलं, पाणी मागतेय.

ती पाणी आणायला गेली. दार लागलं.