रविवारच्या वर्गातल्या नर्सकाकू

सोमवार, १८ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तीन वर्षांनी बाबांचं पत्र बघून दचकू नकोस. इकडे दोघंही ठणठणीत आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त. मी दुकानाचं शटर आता चारलाच ओढतो. सुईचं नेढं दिसेनासं झालंय, म्हणून दोरा आई ओवून देते आणि वर चार गोष्टी ऐकवते.

एक गंमत सांगायची होती. मी हल्ली ब्रेड भाजतो. हस, हस! पहिला ब्रेड असा निघाला की आईने तो दार आपटू नये म्हणून दाराला लावला. कुकीज ट्रेमध्ये पसरत पसरत एकमेकींना भेटल्या आणि शेवटी एकच कुकी झाली, ट्रेएवढी. ती मी कापडासारखी खडूने आखूनच कापणार होतो, आईने हात धरला. मफिन छान फुगत होते, मी ओव्हनचं दार उघडून डोकावलो आणि सगळे मटकन खाली बसले. पण चौदावा ब्रेड! टेपने मोजला, साडेचार इंच उंच. अख्ख्या जिन्याला दाखवून आलो.

कुठे शिकलो, विचारशील. वरच्या मजल्यावर एक नर्सकाकू राहायला आल्यात. त्यांनी फोनवरच्या बेकिंगच्या वर्गात नाव घातलं आणि नेमकी त्यांना रविवारची ड्यूटी लागली. आई त्यांना म्हणाली, "तुमच्या जागी यांना बसवा. घरात नुसत्या येरझारा घालतात."

आता आढेवेढे पुरे. तो वर्ग तुझा आहे. गेले चार महिने कॅमेरा बंद ठेवून, फक्त लिहून प्रश्न विचारणाऱ्या नर्सकाकू म्हणजे मी.

"काकू, फोटोवरून वाटतंय, तुम्ही पिठाशी भांडलात," हे तू मला म्हणालीस. "काकू, काय हलका हात आहे तुमचा! सगळ्यांनी बघा," हेही मलाच. त्या दिवशी मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांनी बाही आखूड झाली एवढंच सांगितलं होतं गं.

काल त्या कॉलेजातल्या मुलीने तुला विचारलं, "मॅडम, तुमच्या हातचं घरी सगळ्यात जास्त कोणाला आवडतं?"

तू म्हणालीस, "आईला. बाबांनी अजून चाखलेलं नाही. त्यांना गोड फारसं चालत नाही."

चहात तीन चमचे साखर घेणारा माणूस मी. तुला ते पक्कं ठाऊक आहे.

नोकरी सोडल्यावर तू पहिला केक घेऊन आलीस, तेव्हा मी ताटली सरकवली. "एवढं शिकवलं ते भट्टीपुढे उभं राहायला?" असं म्हणालो. तू केक परत डब्यात ठेवलास. झाकण तुला काही केल्या लागेना. मी बघत बसलो, उठलो नाही. आणि काल तू परक्या माणसांसमोर माझी बाजू सांभाळून घेतलीस.

नंतर तू विचारत होतीस, "नर्सकाकू, आजचा फोटो?" फोटो कसला पाठवू? लसणीचा ब्रेड माझ्या डोळ्यांदेखत कोळसा झाला होता. आईने धावत येऊन ओव्हन बंद केला आणि म्हणाली, "आता तरी लिहा तिला."

मी चुकलो, चिमणे. तुझ्या कामाला मी हलकं म्हटलं. ते किती कसबाचं आहे, हे मला कळायला चौदा ब्रेड लागले. आणि खरं सांगू? चाळीस वर्षांत एवढी मजा आली नव्हती. आई म्हणते, मी पीठ फुगायला ठेवून शीळ घालतो.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं येतोय. तुझी इच्छा नसेल तर आई एकटी वर येईल, मी खाली बाकावर बसेन. मी काही करून आणणार नाही. घरून काही खाऊनही निघणार नाही. तू वाढशील ते आणि तू वाढशील तेवढं.

तुझा भुकेला,
बाबा