अम्माच्या रकाती

४ सप्टेंबर, शुक्रवार

अम्मा आज पडली.

दुपारी एकला जोहरच्या नमाजेला उभी राहिली होती. अडीचला मी मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आत डोकावलो तर अजून उभीच. म्हटलं, अजून चाललंय? उत्तर नाही, नमाजेत बोलत नाहीत. मी आपला परत मोटरीकडे. पाच मिनिटांत आतून धप्प!

डावा गुडघा टम्म सुजलाय. हाड शाबूत. डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच झापलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला दीड तास उभं राहू देता? आज गुडघ्यावर निभावलं, उद्या खुबा मोडला तर अंथरूण सुटणार नाही. विसरण्याचं दुखणं वाढतंय, असंही म्हणाल्या. ती दिवसभर काय काय करते ते लिहून ठेवायला सांगितलंय. म्हणून ही वही. पंख्यांचे आणि पंपांचे नंबर सोडून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. बघू किती दिवस टिकतं.

५ सप्टेंबर, शनिवार

दुकान अर्धं बंद ठेवून पाळत ठेवली. काय होतंय ते कळलं.

जोहरच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती चार. एक रकात म्हणजे उभं राहून पढायचं, वाकायचं, दोनदा माथा टेकायचा — हा एक फेरा. अम्मा दोन करते, तिसरीला उठते आणि थांबते. दुसरी की तिसरी? आठवत नाही. मग मान दोन्हीकडे वळवून सलाम फेरायचा, म्हणजे नमाज संपवायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. अकरा वेळा सुरुवात केली! शेवटी जानमाजीवरच, नमाजेच्या चटईवरच, बसून रडायला लागली. म्हणे, "माझी होतच नाही रे."

मला हे नवीन नाही. कॉईलला एकशे वीस फेरे घालायचे असतात. नव्वदीत असताना कुणी हाक मारली की गेलं सगळं. तार उलगडा आणि पुन्हा एकपासून. मी हाक मारणाऱ्यावर खेकसतो तरी. ती कुणावर खेकसणार?

सकाळची फज्र दोनच रकातींची, ती जमते. संध्याकाळी मगरिबच्या तीन, त्याही रडतखडत होतात. चार आल्या की गाडं अडतं — दुपारची जोहर, तिसऱ्या प्रहरची असर, रात्रीची इशा.

८ सप्टेंबर

आपाचा फोन. आपा म्हणजे माझी मोठी बहीण. सल्ले द्यायला एक नंबर, यायला मात्र वेळ नाही. म्हणाली, जानमाज लपवून ठेव, दिसली नाही की आठवणारच नाही. मी शहाणा, लगेच कपाटावर टाकली. अम्मानं टॉवेल अंथरला. टॉवेल उचलला तर थेट फरशीवर!

ही दवाखान्यातून घरी आली (बायको तिथे नर्स आहे) आणि फरशीवर माथा टेकलेली सासू बघून तिचा पाराच चढला. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणाली. जानमाजीनं काय घोडं मारलंय?

कपाटावरून काढून दिली.

१० सप्टेंबर

डोकं चाललं! जुन्या वाइंडिंग मशीनचा काउंटर पडून होता. फेरा झाला की आकडा पुढे सरकतो, तो. त्याला स्प्रिंगची पट्टी लावली आणि जानमाजीखाली बरोबर माथा टेकतो तिथे बसवला. माथा टेकला की एक आकडा. आठ झाले की चार रकाती पुऱ्या, सलाम फेरायचा. आकडा दिसायला बाजूला खिडकी ठेवली. स्वतःवरच खूश आहे.

११ सप्टेंबर

उंदीर. अम्माच्या मते जानमाजीखाली उंदीर शिरलाय आणि माथा टेकला की कटकट करतो. नमाज सोडून हातात चप्पल घेऊन बसली. काउंटर काढला. ही तोंडावर हात धरून अर्धा तास हसत होती.

१३ सप्टेंबर, रविवार

पेशइमामांकडे गेलो. बावीस वर्षांनी मशिदीच्या पायऱ्या चढलो. माणूस पस्तिशीचासुद्धा नसेल, त्यांच्या टेबलफॅनचं वाइंडिंग मीच दोनदा भरून दिलंय. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ज्याचं भान सुटत चाललं त्याच्यावर फर्ज राहत नाही. आजाऱ्याला रोजा माफ, ज्याची ऐपत नाही त्याला हज माफ. फर्ज माणसाला मोडायला आलेले नाहीत.

डोक्यावरचं ओझं उतरलं! जवळजवळ धावतच घरी आलो. अम्माला म्हटलं, आनंदाची बातमी, तुला नमाज माफ आहे.

अम्मा म्हणाली, "मी मेले काय?"

मी माफ म्हणजे काय ते समजवायला लागलो.

"सात वर्षांची होते तेव्हापासून उभी राहतेय. आता मला काढून टाकलं?"

दिवसभर अन्नाला शिवली नाही. मी माफी घेऊन आलो आणि तिच्या हातात बडतर्फीचा कागद दिला. माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं.

१६ सप्टेंबर

आज अम्माचं डोकं लख्ख होतं. सकाळचा चहा प्यायली की नाही ते आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी सांगितलेलं सगळं तोंडपाठ. मी गुडघा शेकत होतो, ती सांगत होती.

पैगंबरांना मेराजच्या रात्री आसमानात बोलावलं तेव्हा हुकूम झाला दिवसाला पन्नास नमाजांचा. पन्नास! खाली येताना आधीचे पैगंबर मूसा भेटले. म्हणाले, मी माझ्या माणसांना पारखून बसलोय, तुझ्या लोकांना हे झेपायचं नाही, परत जा. परत गेले, कमी झाल्या. मूसा म्हणाले, अजून जास्त आहेत. असं करत करत पाचावर आलं. मूसा तरी म्हणतात, अजून एकदा जा! तेव्हा पैगंबर म्हणाले, आता मागायची लाज वाटते. मग वरून सांगणं आलं — पढायच्या पाच, पुण्य पन्नासांचं.

म्हटलं, म्हणजे घासाघीस करून मिळालेली नमाज आहे ही. तर हसली. किती दिवसांनी हसली! म्हणाली, "बाकीचे हुकूम खाली पाठवले. ही तेवढी वर बोलावून हातात दिली. हातात दिलेली वस्तू मी कशी टाकू?"

मला रोजा, जकात (म्हणजे दानधर्म), हज सगळं शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ होतं, कशाला ते कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. तिचं आपलं साधं. म्हणे, कलमा जिभेसाठी, नमाज पाठीच्या कण्यासाठी, रोजा पोटासाठी, जकात मुठीसाठी आणि हज पायांसाठी. कुठलाच अवयव आयतोबा राहायला नको. मग वाळवंटात एकट्या पडलेल्या हाजराबीबीचं निघालं. तान्हं पोर तहानलेलं, ती पाण्यासाठी दोन टेकड्यांच्या मध्ये सैरावैरा धावतेय. सात फेऱ्या झाल्या आणि पोराच्या पायाशी पाणी फुटलं. आजही हजला गेलेला प्रत्येक जण त्या सात फेऱ्या घालतो.

मी गमतीनं विचारलं, धावताना तिनं मोजल्या असतील का गं?

"पोर तहानलेलं असताना कोण मोजतं? मोजल्या त्या मागून येणाऱ्यांनी."

शेक थंड झाला होता.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा पेशइमामांकडे. या वेळी भांडायलाच. म्हटलं, तुम्ही माफ केलीत, पण ती घ्यायला तयार नाही. आता बोला!

ते हसले. मग म्हणाले, रकाती मोजायच्या त्या एकट्यानं पढणाऱ्यानं. इमामाच्या मागे उभं राहिलेल्यानं मोजायचं नसतं, पुढचा वाकला की वाकायचं, पुढचा उठला की उठायचं. मोजायचं ओझं पुढच्यावर. अम्मांच्या पुढे कुणीतरी उभं राहायला हवं. घरी पुरुषमाणूस कोण?

मी.

आता आली का पंचाईत! खरं ते सांगून टाकलं. बावीस वर्षं झाली सोडून. कशावर राग नव्हता, कुणाशी भांडण नव्हतं. कामाच्या घाईत एक चुकली, मग दोन, मग जानमाज गुंडाळली ती गुंडाळलीच. माझ्यासारख्याच्या मागे तिनं उभं राहायचं? तिनं, जिची एक चुकलेली नाही?

म्हणाले, "तुम्ही चांगले आहात म्हणून थोडंच उभं करतोय? तुम्हाला मोजता येतं म्हणून. पण एक आहे. नुसतं मोजायला उभं राहता येत नाही. पढावी लागेल, खरीखुरी."

२० सप्टेंबर, रविवार

पाठांतर. फातेहा, कुराणाचा पहिला अध्याय, आपोआप आली, जिभेखाली दडून बसल्यासारखी. पुढच्या सूरा मात्र गंजलेल्या बेअरिंगसारख्या, दोन शब्द फिरतात आणि अडकतात. ही चुका काढते. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, तिला इतका आनंद कधी झालेला नाही.

मनात एकच घोळतंय. मी हे अल्लासाठी करतोय की अम्मासाठी? खरी कशी म्हणायची ही? हिला विचारलं. ती म्हणाली, आधी उभे तर राहा.

२२ सप्टेंबर, मंगळवार

आज जोहर. नमाजेआधी हातपाय धुतात तो वजू दोनदा केला. चोपन्न वर्षांचा घोडा आणि परीक्षेला बसल्यासारखा!

अम्माला म्हटलं, मी पुढे उभा राहतो. तिनं वरून खालपर्यंत पाहिलं. तुला येते? येते म्हटलं. मग माझ्यामागे खुर्ची सरकवून घेतली, गुडघ्यामुळे आता खुर्चीवरच. मी 'अल्लाहू अकबर' म्हणून तकबीर म्हटली. एक. दोन. मागे हालचाल ऐकू येत होती, मी वाकलो की तीही. तीन. इथेच ती थांबायची. मी उठलो आणि मागून कुठलीही कुरकुर नाही. चार. सलाम.

वळलो. अम्मा दोन्ही हात उघडून मांडीवर ठेवून बसलेली.

"झाली?"

"झाली, अम्मा."

एकाच दमात! आठ मिनिटं! नंतर पोटभर जेवली, वर आणखी मागून घेतलं. मी दुकानात गेलो आणि समोर कुणाचा तरी मिक्सर उघडा पडलेला असताना ढसाढसा रडलो. बरं झालं, गिऱ्हाईक नव्हतं.

२३ सप्टेंबर

जोहर, असर, इशा. तिन्ही पहिल्या फटक्यात.

३ ऑक्टोबर, शनिवार

गुडघ्याची सूज उतरली. डॉक्टरीणबाईंनी वही वाचली आणि उंदराच्या पानावर खो खो हसल्या. दुखणं उलटं फिरणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलंय. पण वजन दोन किलो वाढलंय, झोप लागते, रडणं थांबलंय.

तरी दुपारभर विचारते. माझी झाली का रे? म्हणतो, झाली, मी पुढे होतो. मग म्हणते, हो, तू होतास. आणि निवांत होते. दहा वेळा विचारलं तरी मला आता कंटाळा येत नाही.

या वहीत खोटं लिहिणार नाही. माथा टेकल्यावर कधी कधी पंपच डोळ्यांपुढे येतो. कधी काहीच येत नाही, नुसतं शांत वाटतं. ते काय असतं ते मला ठाऊक नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

अम्माला कणकण होती, गोळी घेऊन गाढ झोपली. असरची वेळ झाली. मागे उभं राहायला कुणी नव्हतं. तरी हात धुतलेच होते, म्हटलं पढून घ्यावी. हिनं दारातून पाहिलं आणि हळूच दार ओढून घेतलं.

१४ ऑक्टोबर, बुधवार

असर. डोक्यात दुरुस्तीला आलेली गिरणीची मोटर. शेवटची रकात म्हणून बसलो, सलाम फेरायला मान वळवणार तोच मागून टाळी वाजली. एकच, कोरडी. इमाम चुकला तर बाईमाणसानं बोलायचं नसतं, हातावर हात मारून सांगायचं असतं. पण माझ्यामागे तर फक्त अम्मा होती! उठलो. चौथी पढलो, चुकीची भरपाई म्हणून दोनदा जास्तीचा माथा टेकला, सलाम फेरला आणि वळलो.

"मन कुठे असतं रे तुझं?" म्हणाली. "तीनच झाल्या होत्या."